‘कुठल्या शाळेवर?’

साताऱ्याच्या मंडईत मला हमखास एक प्रश्न येतो, ‘बाई, कुठल्या शाळेवर?’ मी पतसंस्थेत हिशेब लिहिते. तसं सांगितलं की भाजीवाल्या मावशींचा चेहरा पडतो, म्हणून हल्ली ‘इथेच, जवळच’ म्हणून पिशवी पुढे करते. बँकेतही तेच. माझ्या पुढे दोघीजणी उभ्या असतात, पण आजोबा पैसे भरायची स्लिप माझ्याच हातात देतात. त्या दोघींना चष्मा नसतो.

माहेरी, सांगलीत, याच चष्म्याचा भाव वेगळा होता. सहावीत नंबर लागला आणि वर्गात मी ‘ढापणी’ झाले. उणे नंबरच्या भिंगातून डोळे असतात त्याहून बारीक दिसतात. नंबर वाढत गेला तशी आत्या म्हणायला लागली, ‘पोरीचे डोळे चांगले टपोरे होते गं, गेले कुठं?’ आजीचं उलटं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला झालं, तेव्हा डोळ्यात भिंग बसवण्याची सोय आमच्यासारख्यांपर्यंत आली नव्हती. दहा नंबरच्या आसपासचा, फुगीर काचांचा चष्मा मिळाला आणि त्यातून तिचे डोळे बशीएवढे दिसायला लागले. ती नुसती बघत असली तरी सुना दचकायच्या. गल्लीत तिचं नाव ‘कडक म्हातारी’ पडलं ते तेव्हापासून. ऑपरेशनच्या आधी तिला कुणी घाबरल्याचं मला आठवत नाही.

मला बघायला साताऱ्याचे पाहुणे आले त्या दिवशी आईनं माझा चष्मा कपाटात ठेवला. लपवाछपवी नव्हती, नंबर आधीच कळवला होता. ‘पहिल्यांदा बघताना नको’ एवढंच तिचं म्हणणं. पोह्यांच्या बश्या मी अंदाजानं वाटल्या आणि मुलगा समजून ज्यांच्याकडे लाजून पाहिलं, ते त्याचे मामा निघाले. मुलगा चष्मा घालून बसला होता. ते गेल्यावर बाबा समाधानानं म्हणाले, ‘अभ्यासू वाटतो.’ (तो अभ्यासू नाही. पंचवीस वर्षांचा अनुभव आहे.)

बाबांचाही दोष नाही. वि. स. खांडेकर आमच्या सांगलीत जन्मलेले. त्यांचा फोटो चष्म्याशिवाय मला आठवतच नाही. लेखक म्हणजे चष्मा, हे डोक्यात बसलं ते तसल्या फोटोंमुळे. उतारवयात त्यांची दृष्टी गेली, हे मात्र फोटो सांगत नाही. आपण ज्याला विद्वत्ता म्हणून नमस्कार करतो, ते त्या माणसाचं रोजचं दुखणंही असू शकतं.

साताऱ्यात तर चष्मा पुतळ्यातून दिसतो. बाबासाहेबांच्या पुतळ्याचा चष्मा काढला तर लहान पोरंही क्षणभर थबकतील. ७ नोव्हेंबर १९०० ला इथल्या राजवाड्यातल्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, नऊ वर्षांच्या भिवाचं नाव दाखल झालं. २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या पटावरच्या पोराला चष्म्यासकट कुणी रंगवलेलं मी तरी पाहिलं नाही, पण वेशभूषा स्पर्धेत निळ्या कोटाइतकीच गोल फ्रेम लागते.

लेक चौथीत असताना तिच्या शाळेत अशीच स्पर्धा होती. बाबासाहेब झालेल्या मुलाची नजर ठणठणीत, त्याला बिनकाचेची फ्रेम चढवली. लेक सावित्रीबाई. सावित्रीबाई याच जिल्ह्यातल्या, नायगावच्या, म्हणून तिला भारी अभिमान. तिच्या डोळ्यांवर उणे तीनचा चष्मा. बाई म्हणाल्या, ‘सावित्रीबाईंना कुठं होता? काढ.’ मी मागच्या रांगेत जीव मुठीत धरून बसले, म्हटलं आता ही स्टेजवरून पडते. पण ती लुगडं सावरत, न अडखळता पूर्ण भाषण बोलून गेली. घरी येताना विचारलं, एवढ्या लोकांपुढे भीती नाही वाटली?

‘लोक कुठं दिसत होते?’ ती म्हणाली.