कोचच्या हातात नारळ

२०२२-२३ च्या हंगामात मी मेलबर्नला ऑनसाइट होतो. वीकेंडला जॉन केन अरीनामध्ये जाऊन मेलबर्न युनायटेडच्या मॅचेस बघणं हा तिथला माझा एकमेव खर्चिक छंद होता. त्या वर्षी युनायटेड प्लेऑफच्या बाहेर राहिली आणि मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "व्हिकरमनला नारळ द्या आता. माणूस संपला." धडाधड अंगठे पडले. मी त्या माणसाची एकही प्रॅक्टिस पाहिलेली नव्हती. टाइमआउटमध्ये तो काय बोलतो ते मला वरच्या रांगेतून ऐकूही येत नव्हतं.

डीन व्हिकरमन २०१७ पासून युनायटेडचा कोच. २०१८ आणि २०२१ ची जेतेपदं त्याच्या हाताखालची. क्लबने माझ्यासारख्यांचं ऐकलं नाही. पुढच्या हंगामात संघ गुणतक्त्यात पहिला आला आणि फायनल ३-२ ने हरला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा फायनल, पुन्हा ३-२. दोन्ही वेळा हरले, हे खरंय. पण "संपलेला" माणूस दोन वर्षं ओळीने पाचव्या सामन्यापर्यंत पोचत नाही.

ज्यांनी ही लीग पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: एनबीएल म्हणजे ऑस्ट्रेलियाची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, १९७९ पासूनची. दहा संघ, त्यातला एक न्यूझीलंडचा. २०२२-२३ मध्ये साखळीत प्रत्येकाचे २८ सामने होते. मेलबर्नची संध्याकाळची मॅच पुण्यात दुपारी दोनला सुरू होते, म्हणजे डबा उघडून मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवायचा की झालं. बास्केटबॉल सुंदर असतो. मॅच संपल्यावर जे सुरू होतं ते मात्र किळसवाणं. तीन पराभव झाले की "कोचची खुर्ची हलतेय". चौथ्यानंतर क्लबचं निवेदन, की कोचवर आमचा पूर्ण विश्वास आहे. हे निवेदन आलं की समजायचं, सामान बांधायची वेळ झाली.

माझं म्हणणं सरळ आहे. हंगामाच्या मध्यात कोचला काढणं हा बहुतेक वेळा बास्केटबॉलचा निर्णय नसतोच. संघ ज्यांनी बांधला, त्यांनी स्वतःला वाचवण्यासाठी केलेली ती सोय असते. आणि तिला इंधन आपण चाहते पुरवतो.

इलवारा हॉक्सचं बघा. २०२२-२३ मध्ये त्यांनी २८ पैकी तीन सामने जिंकले. कोच होता जेकब जॅकोमस, आधी ब्रायन गुर्जियनचा सहायक. हंगाम सुरू होताच परदेशी पॉइंट गार्ड जस्टिन रॉबिन्सनचा गुडघा गेला. ज्या लीगमध्ये संघाला आयात खेळाडूंच्या जागा मोजून मिळतात तिथे पहिल्याच महिन्यात एक जाणं म्हणजे काय, ते तीन विजयांत दिसतंच. पुढच्या वर्षी चांगला संघ हाती आला, सुरुवात झाली दोन विजय-सात पराभव, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये जॅकोमस बाहेर.

आता जरा आकडेमोड, धंदाच तो आपला. समजा एखादा संघ अगदी मध्यम आहे, प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता अर्धी. नाणं नऊ वेळा उडवलं तर दोन किंवा त्याहून कमी वेळा छापा पडण्याची शक्यता ५१२ मध्ये ४६, म्हणजे साधारण नऊ टक्के. दहा संघांच्या लीगमध्ये दर हंगामाला जवळपास एका संघाची अशी सुरुवात निव्वळ नशिबाने होऊ शकते. कोच कोणीही असो. सात पराभवांवरून जॅकोमस वाईट कोच ठरत नाही आणि चांगलाही ठरत नाही. काहीच ठरत नाही. नऊ रिक्वेस्टच्या लॉगवरून सर्व्हर बदला असं म्हणणाऱ्या माणसाला आम्ही मीटिंगमधून हळूच बाहेर पाठवतो.

इथे तुम्ही म्हणाल, पण हॉक्स तर पुढे चॅम्पियन झाले! झाले. जॅकोमसच्या जागी सहायक जस्टिन टेटम आला (एनबीएवाल्या जेसन टेटमचा बाप), त्याने संघ प्लेऑफला नेला आणि मार्च २०२५ मध्ये युनायटेडला हरवून जेतेपद मिळवलं, क्लबचं २००१ नंतरचं पहिलं. हकालपट्टीच्या बाजूचा हा सगळ्यात मोठा पुरावा आहे आणि मी तो झटकून टाकत नाही. टेटम उत्तम कोच आहे. पण त्याला मिळालेला संघ जॅकोमसच्या वर्षातला जायबंदी संघ नव्हता. आणि जेतेपद आलं ते त्याला कायम केल्यावर, ऑफ-सीझन आणि पूर्ण हंगाम मिळाल्यावर. कोच बदलणं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. नव्या कोचला वेळ देणं कोणाच्याच नाही. साउथ ईस्ट मेलबर्न फिनिक्सनेही २०२४-२५ च्या सुरुवातीलाच कोच बदलला आणि सेमीफायनल गाठली, तेही मान्य. कधी कधी ड्रेसिंग रूम खरंच हातातून गेलेली असते. पण त्याच बदलाची दुसरी बाजू अशी की फिनिक्सने काढलेला माइक केली हा २०२० चा कोच ऑफ द इयर होता, केर्न्स तायपान्सबरोबर. पुढच्या हंगामात डीजे न्यूबिलसारखा खेळाडू संघात नव्हता, तायपान्स ३६ पैकी आठ सामने जिंकून तळाला गेले आणि केलीही गेला. एका वर्षात माणसाची अक्कल इतकी आटते का?

आणि यशाची बातमीदेखील तितकीच फसवी असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲडलेड थर्टी-सिक्सर्सने हंगामपूर्व सामन्यात फिनिक्स सन्सला त्यांच्याच घरी १३४-१२४ हरवलं. एनबीए संघाला हरवणारा एनबीएलचा पहिला संघ. कोच सीजे ब्रूटनवर कौतुकाचा पाऊस. त्या रात्री ३५ गुण करणारा क्रेग रँडल त्याच हंगामात संघाबाहेर होता, ॲडलेड प्लेऑफलाही पोचली नाही, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ब्रूटन गेला.

त्याच्यानंतर जे झालं त्याचा मला खरा राग आहे. स्कॉट निनिस, याच क्लबचा जुना खेळाडू आणि माजी कोच, हंगामी म्हणून आला. बुडती बोट त्याने सावरली. क्लबने पूर्णवेळ करार दिला, चाहते खूश. आणि पुढचा हंगाम सुरू होण्याआधीच दोघांनी "वेगळं व्हायचं ठरवलं". त्या करारावर एक सामनाही न खेळता. अमेरिकेतून माइक वेल्सला आणलं. २०२० ते २०२४ या काळात ॲडलेडच्या बेंचवर जोई राइट, कॉनर हेन्री, ब्रूटन, निनिस आणि वेल्स असे पाच जण बसले. ब्रिस्बेन बुलेट्सने तर २०२२-२३ च्या एकाच हंगामात जेम्स डंकन, सॅम मॅकिनन आणि ग्रेग व्हँडरयाट असे तिघे वापरले, आणि मग चौथ्याचा शोध.

पाच कोच आले-गेले, मग चूक पाचही जणांची? की त्यांना निवडणाऱ्यांची? आमच्याकडे एक मॉड्यूल पाच जणांनी हाताळूनही पडत असेल तर आम्ही सहाव्याला बोलवत नाही, आर्किटेक्चर उघडून बघतो. निदान बघायला हवं. (माझ्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये दीड वर्षात तीन मॅनेजर बदलले. रिलीज तेव्हाही उशिराच झालं, कारण क्लायंटला भलतीच तारीख कबूल करणारा माणूस जागेवरच होता.)

टास्मानिया जॅकजंपर्सचं उदाहरण मुद्दाम शेवटी ठेवलंय. नवा संघ, २०२१-२२ चा पहिला हंगाम, कोच स्कॉट रॉथ. पहिल्याच वर्षी फायनलला जाऊन हरले. दुसऱ्या वर्षी जेतेपद नाही. तिसऱ्या वर्षी, २०२४ मध्ये, चॅम्पियन, तेही माझ्या युनायटेडला हरवून. तिन्ही वर्षं कोच तोच.

म्हणून मला ऑस्ट्रेलियन क्लबांकडून एवढंच हवंय: कोचला काढल्याचं निवेदन काढाल तेव्हा त्यात दोन ओळी जास्त घाला. या हंगामाचे आयात खेळाडू कोणी निवडले, आणि तो माणूस पुढच्या वर्षी त्याच पदावर असणार का. अफवा चालवणाऱ्यांनीही "खुर्ची हलतेय" लिहिताना नेमकी कोणाची ते विचारावं. बाकी आमचा ग्रुप अजून चालू आहे. युनायटेड दोन सामने ओळीने हरली की कोणीतरी माझा २०२३ चा मेसेज वर काढतो.