परराज्यांतील पदवी व आमचा शेतकरी

काशीद-मुरूडकडील बागाईतदाराचा मुलगा बारावी होऊन घरच्या नारळी-पोफळींत कामास लागला, कीं पुढील शिक्षण त्यानें बाग न सोडतां घ्यावें असें बापास वाटणें स्वाभाविक आहे. मात्र परराज्यांतील विद्यापीठाचें केंद्र जवळच निघालें आहे, असें कोणीं सांगितल्यास फी भरण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या.

छत्तीसगड राज्यानें २००२ सालीं कायदा केला व त्यान्वयें शंभरावर खासगी विद्यापीठें निघालीं. कित्येकांस धड इमारतहि नव्हती! प्रा. यशपाल यांच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २००५ मध्यें त्या कायद्यांतील मुख्य कलमें रद्द केलीं व राज्याचा कायदा राज्याच्या सीमेबाहेर चालत नाहीं असें ठरविलें. विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियमहि हाच आहे. राज्याच्या विद्यापीठानें दूरशिक्षणाचीं केंद्रें आपल्याच हद्दींत चालवावीं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठास (स्थापना १९८९) महाराष्ट्र मोकळा आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठास (१९८५) सर्व देश. हा निर्बंध आम्हांस मान्य आहे, कारण दुसऱ्या राज्यांतील दुकानावर देखरेख ठेवणार कोण?

पण २०२० च्या नियमांत इंटरनेटवरून शिकविण्यास पात्र ठरलेल्या विद्यापीठांस सीमेचें बंधन नाहीं. म्हणजे गोव्याच्या विद्यापीठाचें केंद्र अलिबागेस निघणें नाहीं. तेंच विद्यापीठ पात्र ठरल्यास त्याचे पाठ मात्र काशिदास घरांत येऊं शकतील. ही विसंगति आयोगानें दूर करावी.

याहून आम्हांस लागणारी गोष्ट निराळीच आहे. शेतकी व फळबागशास्त्र यांच्या पदव्या दूरशिक्षणानें देण्यास आयोगानें मनाई केली आहे. कलम बांधणें टपालानें शिकवितां येत नाहीं, हें खरें. परंतु ज्याच्या घरींच आंबा व पोफळी आहेत, त्यास प्रयोगभूमीचा तुटवडा कोठें? पाठ घरीं व प्रात्यक्षिकें दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाच्या (स्थापना १९७२) प्रक्षेत्रांवर, अशी सोय कां होऊं नये? शेतकऱ्यांच्या संस्थांनीं ही मागणी आयोगाकडे लेखी करावी असें आमचें मत आहे.

तोंपर्यंत माहितीपत्रकावरील ‘शासनमान्य’ या शब्दावर विसंबूं नये. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादींत त्या विद्यापीठाचें नांव आहे काय, व त्या वर्षीं त्याच अभ्यासक्रमास मान्यता आहे काय, हें दोन्ही ताडून मगच पैसे द्यावे.