वजन कशाचे?

१५ जानेवारी हा कै. खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस राज्य शासन आता क्रीडादिन म्हणून पाळते. त्या दिवशी प्रतिमेस हार घातले जातात, शाळांतून भाषणे होतात आणि 'स्वतंत्र भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा पहिला वीर' हे वाक्य सर्वत्र म्हटले जाते. वाक्य खरे आहे. परंतु तो पहिला होता एवढे सांगितल्याने तो पहिला का झाला, हे कळत नाही. आणि ते कळून घेण्याची आज महाराष्ट्रास जितकी गरज आहे तितकी पूर्वी क्वचितच होती.

खोपटच्या आगारात घाटावरच्या एसटी गाड्यांतून उतरून या शहरात स्थिरावलेली कुटुंबे थोडी नाहीत. सातारा, सांगली, कोल्हापूर सुटले तरी त्यांच्या घरातली कुस्तीची गोडी सुटलेली नाही. 'महाराष्ट्र केसरी'ची गदा यंदा कोणाच्या खांद्यावर, याची चर्चा ठाण्यातही रंगते. ती रंगावी. मात्र या चर्चेत ज्याचे नाव निघते तो मल्ल नेहमी भारदस्त देहाचाच असतो, कारण किताबाची लढत ही वजनदार गटाची लढत आहे. खाशाबांचे वजन हेलसिंकीत ५७ किलोंच्या आत होते. आजच्या हिशेबाने गदेच्या लढतीत त्यांस प्रवेशच मिळाला नसता!

आमच्या मते खाशाबांचे वेगळेपण बळात नव्हते. त्यांच्याहून धिप्पाड मल्लांची कोल्हापुरात वाण नव्हती. १९४८ साली ते लंडनला गेले, ते मातीतील कुस्ती घेऊन. मातीतल्या कुस्तीचे गणित वेगळे. तेथे प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागेपर्यंत झुंज चालते. दमछाक करून, वाट पाहून, शेवटी एका डावात निकाल लावता येतो. गादीवर घड्याळ चालू असते, प्रत्येक पकडीचा गुण मोजला जातो, आणि पाय मातीत रुततात तसे तेथे रुतत नाहीत. अशा अपरिचित भूमीवर गोळेश्वरच्या या तरुणाने सहावा क्रमांक मिळवला. सामान्य माणूस त्यावर समाधान मानून परत येता आणि सत्कार स्वीकारता. खाशाबा परतले ते नव्याने शिकण्यासाठी. नियम समजून घेतले, चपळाई वाढवली, वरच्या वजनगटात उतरण्याची तयारी केली. जो आपल्या गावी वस्ताद म्हणून मिरवू शकत होता त्याने पुन्हा शागीर्द होणे पत्करले. त्याच्या बरोबरीच्या कितीकांस हे साधले नाही.

पैशाची कथा सर्वश्रुत आहे. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, तेव्हा १९५२ चा प्रवास घडला. आम्हीही काही वर्षे शाळेत शिकवले आहे. विद्यार्थ्याच्या डावपेचांवर स्वतःचे छप्पर लावण्याची छाती आम्हांस झाली असती, असे वाटत नाही. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढवून ते ऋण फेडण्याची खटपट केली, यात त्यांचा स्वभाव दिसतो.

हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको व जर्मनी यांच्या मल्लांस त्यांनी नमवले. मग जपानच्या शोहाची इशिई याच्याशी गाठ पडली आणि पराभव झाला. तो इशिई पुढे सुवर्णपदकाचा धनी ठरला. जपानला त्या स्पर्धेत मिळालेले ते एकमेव सुवर्ण. त्या दमवणाऱ्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देता खाशाबांस सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव्ह याच्याशी लढावयास उभे केले गेले, आणि नियमावर बोट ठेवून हरकत घेणारा भारतीय अधिकारी तेथे नव्हता. तरीही कांस्य आले. त्याच स्पर्धेत त्यांचे सहकारी मांगवे चौथे आले, हेही सांगण्यास कोणी विसरू नये.

जगात याला दुसरे उदाहरण शोधावे तर ते मुष्टियुद्धात सापडते, आणि तेही सर्वांत वजनदार गटात. महंमद अली हा तारुण्यात पायांच्या जोरावर जिंकत असे. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास त्याने १९६७ साली नकार दिला, किताब गेला, साडेतीन वर्षे आखाड्याबाहेर गेली, आणि परतला तेव्हा ते पाय पूर्वीचे राहिले नव्हते. १९७१ साली फ्रेझियरने त्यास हरवले. १९७४ साली किन्शासा येथे समोर उभा होता जॉर्ज फोरमन, वयाने लहान, अपराजित, आणि फ्रेझियरला दोन फेऱ्यांत लोळवणारा. ठोशाच्या ताकदीत अलीची त्याच्याशी तुलना नव्हती. अलीने दोरांना टेकून त्यास मारू दिले, मारता मारता दमू दिले, आणि आठव्या फेरीत खाली पाडले. जुनी विद्या निरुपयोगी झाली तेव्हा नवी विद्या त्याच्यापाशी तयार होती. (गंमत अशी की फोरमनही पुढे तेच शिकला आणि १९९४ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा विजेता झाला.) अलीला या पद्धतीची किंमत शरीराने मोजावी लागली असावी, हेही विसरता येत नाही.

आता आपल्याकडे पाहा. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळावयास ७२ वर्षे लागली. २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसळे याने ते मिळवले, पण रायफलीने. कुस्तीत नाही. २००८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये भारताने कुस्तीचे पदक आणले; एकही मराठी आखाड्यातून आले नाही. त्यांपैकी रवी दहिया आणि अमन सेहरावत यांची पदके कोणत्या गटातील आहेत? ५७ किलो. म्हणजे ज्या वजनात खाशाबांनी वाट पाडली, त्या वाटेने हरियाणा आणि दिल्लीची मुले गेली. बीडचा राहुल आवारे याने २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य मिळवले, तेव्हा गुण येथेही आहेत हे सिद्ध झाले. पण तो गट ऑलिंपिकमध्ये नाही, आणि आवारे यांचे नाव किती मराठी घरांत माहीत आहे, हे वाचकांनी स्वतःस विचारावे.

केसरी स्पर्धेत माती विभागाबरोबर गादी विभाग आला, हे इष्टच झाले. परंतु मोटार, गदा, मिरवणूक हे सारे एका भारी गटाभोवतीच फिरत राहील, तोवर हलक्या अंगाचा चपळ मुलगा आपले वजन वाढवण्याच्या मागे लागेल किंवा लंगोट खुंटीला टांगून नोकरी पाहील. खाशाबांनाही पदकानंतर पोलीस खात्यातील नोकरीच करावी लागली. १९८४ साली अपघाती निधन झाले, आणि अर्जुन पुरस्कारास २००० साल उजाडले. शासनाने आणि कुस्तिगीर संघटनांनी पुढील क्रीडादिनापूर्वी एवढे ठरवावे: केसरीच्या मैदानात ५७ किलोंच्या विजेत्यास मिळणारे बक्षीस गदेच्या मानकऱ्याइतकेच असेल, आणि त्याची अंतिम लढत दुपारच्या उन्हात रिकाम्या बाकांपुढे न होता भरल्या मैदानात, गदेच्या लढतीच्या लगत होईल.