खडकवासल्याचा कार्बन जातो कुठे?

सिंहगडावरून उतरताना खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस किंवा भजी खाल्ली नाहीत, असं पुण्यात शिकणारं कुणी सापडणं कठीण. समोरचं पाणी बघून आपल्या डोक्यात काय येतं? धरण किती भरलं, यंदा पाणीकपात होणार का. पण या पाण्यात विरघळून टनावारी कार्बन खाली चाललाय, हे काही मनात येत नाही. सध्या ज्या ‘कार्बन क्रेडिट’ची एवढी चर्चा आहे, त्यातला एक हिशेब नेमका अशाच प्रवासावर उभा आहे.

आधी बातमी. एप्रिल २०२५ मध्ये ‘एक्सप्राइझ कार्बन रिमूव्हल’ या जागतिक स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस ‘माटी कार्बन’ला मिळालं. त्यांचं काम ऐकायला अगदी साधं वाटतं. भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या शेतात बेसॉल्टची भुकटी पसरायची. बेसॉल्ट म्हणजे आपला काळा कातळ. सिंहगड त्याचाच आणि महाराष्ट्रातला बहुतेक सह्याद्रीही त्याचाच.

आता यातलं केमिस्ट्री बघा. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि सौम्य आम्ल तयार होतं. हे आम्ल खडक हळूहळू झिजवतं आणि वायूतल्या कार्बनचं बायकार्बोनेट होतं. ते नदीबरोबर समुद्रात गेलं की हजारो वर्षं तिथेच राहू शकतं. सह्याद्रीत हे कोट्यवधी वर्षं फुकटात चाललंय. भुकटी केली की खडकाचा जास्त पृष्ठभाग पाण्याला भिडतो, म्हणून वेग वाढतो. एवढीच काय ती युक्ती.

मग अडचण कुठे आहे? ‘समुद्रात गेलं की’ या तीन शब्दांत. खडकवासल्यातून निघालेल्या पाण्याचा माग काढला, की ती लक्षात येते.

पहिला मुक्काम पुणे शहर. इथे मुठेत सांडपाणी मिसळतं. त्यातला सेंद्रिय कार्बन जिवाणू खातात, पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. ऑक्सिजन संपला की मिथेनही निघतो. जपानच्या मदतीने ११ सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं बांधायचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला आणि त्यानंतर मुदती वाढत गेल्या. आपण त्याकडे दुर्गंधीचा प्रश्न म्हणून बघतो, पण तो कार्बनचाही प्रश्न आहे.

दुसरा मुक्काम उजनी. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पाणी जलाशयात साचतं. साचलेल्या, पोषकद्रव्यांनी भरलेल्या पाण्यात शेवाळ माजतं आणि पाण्याचा पीएच वाढतो. पीएच वाढला की कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसू शकतो. तसं झालं, तर बायकार्बोनेटमधला साधारण अर्धा कार्बन गाळात जातो आणि उरलेला पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे शेतात मोजलेल्या एका टनातला काही भाग वाटेतच हवेत परत.

पुढे भीमा कृष्णेला मिळते. श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी मोठी धरणं पार करत उरलंसुरलं पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. खडकवासल्याहून अरबी समुद्र शंभरेक किलोमीटरवर, पण पाणी मात्र अख्खं दख्खन ओलांडून पूर्वेला जातं! गंमत म्हणजे शेजारच्या मुळशी धरणाचं पाणी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली भिऱ्याला सोडतात. ते कुंडलिकेतून अरबी समुद्रात जातं. एकाच पावसाचे दोन थेंब, दोन वेगळे समुद्र.

आणि हे दोन्ही किनारे कार्बनच्या बाबतीत सरळ वागत नाहीत. कृष्णेच्या शेजारच्या गोदावरीचं उदाहरण घ्या. राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या म्हणजे एनआयओच्या संशोधकांनी तिच्या मुखाशी सलग दीड वर्ष मोजमाप केलं. कोरड्या दिवसांत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेतल्या पातळीच्या आसपास होता. पुराच्या दिवसांत तो कित्येक पटींनी वाढला. पुराबरोबर आलेले सेंद्रिय पदार्थ कुजत होते आणि नदीचं मुख वायू हवेत सोडत होतं. फक्त उन्हाळ्यात नमुने घेतले असते, तर निष्कर्ष चुकलाच असता.

पश्चिमेला गोष्ट आणखी वेगळी. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यासमोर एनआयओ १९९७ पासून एका ठरावीक जागी पुन्हा पुन्हा मोजमाप करतेय. पावसाळ्यात तिथे खोल समुद्रातलं थंड पाणी किनाऱ्याकडे वर येतं. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि ऑक्सिजन कमी. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाजवळचा ऑक्सिजन संपून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार झाल्याचं तिथे नोंदलं गेलंय. जगभरचे समुद्र मिळून माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाव हिस्सा शोषतात, हे खरंच. पण ती जगाची सरासरी झाली. ती आपल्या किनाऱ्याला लावून मोकळं होता येत नाही.

म्हणून कार्बन क्रेडिट म्हणजे सगळी फसवाफसवी, असं मात्र समजू नका. भुकटीमुळे आम्लधर्मी जमीन सुधारू शकते, शेतकऱ्याला फायदा होऊ शकतो. मुद्दा हिशेबाचा आहे. शेतात काय झालं ते माती-पाणी तपासून मोजता येतं. पण नदीत आणि किनाऱ्यावर किती गळती झाली, हे बहुतेक मॉडेलवरून अंदाजाने धरलं जातं. क्रेडिट विकत घेणारी कंपनी एक टन कार्बन हवेत सोडते, तो खराखुरा असतो. त्या बदल्यात काढलेला टन अंदाजाचा असेल, तर फरक वातावरणात साचत राहतो. उद्या या अंदाजावरचा विश्वास उडाला, तर पहिला फटका बसेल तो ज्या शेतकऱ्याला यातून लाभ मिळायचा, त्याला.

भारताने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली. बाजार उभा राहतोय. त्याच वेगाने किनाऱ्यावरची आणि नद्यांवरची मोजमाप केंद्रं वाढायला हवीत. कांदोळीसारख्या जागा बोटावर मोजण्याइतक्या असून भागणार नाही.

यात तुमचं काय? बरंच काही. पाषाणच्या आयआयटीएमने हवामानाचं भारतीय मॉडेल बनवलंय. खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएसमध्ये १९१६ पासूनची परंपरा आहे आणि समुद्र नसलेल्या गावात बंदरांच्या प्रतिकृतींवर लाटा सोडून अभ्यास चालतो. मॉडेल कितीही भारी असलं, तरी त्याला प्रत्यक्षातले आकडे लागतात.

त्यातला एक आकडा तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्येही निघतो. पाण्यातला कार्बन समजायला पीएच, क्षारता, एकूण विरघळलेला अजैव कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब या चारपैकी कोणतेही दोन आकडे पुरतात, उरलेले गणिताने काढता येतात. क्षारतेसाठी काय लागतं? ब्युरेट, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बारावीपासून केलेलं टायट्रेशन. धरणाखाली एक जागा, बंडगार्डनजवळ एक जागा. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. विसर्ग चालू असताना मात्र नदीपात्रात उतरायचं नाही. दोन्ही जागांच्या आकड्यांत फरक आला, तर तो कातळाचा की सांडपाण्याचा, हे शोधणं हाच खरा प्रोजेक्ट.

एका बॅचने केलं तर ते सबमिशन. पाच बॅचनी त्याच जागी, त्याच पद्धतीने केलं, तर तो पाच वर्षांचा डेटा.