रंग हरपले, रेषा उरली

गेल्या महिन्यांत एक स्नेही आपल्या नातवाची वही घेऊन आमच्याकडे आले. वहींत गणितें थोडीं व चित्रें पुष्कळ. "मास्तर, ह्या पोराचें काय करावें?" असें त्यांनीं चिंतातुर होऊन विचारलें. आम्हीं उत्तर न देतां त्यांस कै. लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकीकत सांगितली. तीच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचें मन रमेना. रमे तें चित्रें काढण्यांत आणि यंत्रें न्याहाळण्यांत. वडिलांस हा नाद पसंत नव्हता. तरी थोरल्या बंधूंचा आधार मिळून १८८५ च्या सुमारास ते मुंबईस गेले व जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. आपल्या पूर्वजांनीं चौसष्ट कलांच्या गणनेंत गीत, वाद्य व नृत्य यांच्या लगेच पुढें आलेख्याला, म्हणजे चित्रकर्माला, स्थान दिलें आहे. पण गृहस्थाच्या घरीं मुलानें कुंचला हातीं धरला कीं आजहि कपाळास आठी पडते, मग त्या काळाची कथा काय!

सुमारें दोन वर्षांनीं उलगडा झाला तो असा कीं, ह्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांस कांहीं रंगांतील भेद नीट कळत नाहीं. हा दोष बहुधा जन्मजात असून स्त्रियांपेक्षां पुरुषांत पुष्कळ अधिक आढळतो. ज्याला तो असतो त्याला स्वतःला त्याची वार्ताहि नसते. कारण आपण पाहतों तसेंच सर्व जग पाहतें, अशी प्रत्येकाची समजूत. ठिपक्यांच्या चित्रांवरून हा दोष ओळखण्याची इशिहारा यांची प्रसिद्ध पद्धति १९१७ सालीं निघाली. तोंपर्यंत लक्ष्मणराव अठ्ठेचाळीस वर्षांचे झाले होते. ज्या विद्येसाठीं घरचा रोष पत्करला, तिचेंच दार असें बंद व्हावें, याहून मोठी निराशा तरुण मनास कोणती?

परंतु डोळ्यांनीं रंग नाकारले, तरी रेषा नाकारली नव्हती. लक्ष्मणरावांनीं रंगकाम सोडलें आणि यांत्रिक आरेखन धरलें. पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक शिक्षणसंस्थेंत ते त्याच विषयाचे शिक्षक झाले. बढतीच्या वेळीं आपणांस डावललें असें पाहून त्यांनीं नोकरी सोडली व बेळगांवीं बंधु रामूअण्णांसह सायकलींचें दुकान घातलें. मग कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर. लोखंडानें जमिनीस विष भिनेल अशी शेतकऱ्यांची भीति असल्यामुळें पहिल्या नांगरांस गिऱ्हाईक मिळेना. पण धीर सुटला नाहीं.

नांगर ओतण्यापूर्वीं तो कागदावर काढावा लागतो. त्या चित्रावरून सुतार लांकडाचा नमुना करतो, नमुन्यावरून वाळूचा सांचा होतो, सांच्यांत वितळलेलें लोखंड ओततात. मूळ रेषा चुकली तर पुढचें सर्व चुकलें. कलाशाळेंत कमावलेला हात कारखान्यांत उपयोगी पडला तो असा.

बेळगांवची जागा सोडण्याची वेळ आली तेव्हां औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि साहाय्यास आले. ते स्वतः चित्रकार होते, हा योगायोग आम्हांस फार गोड वाटतो. १९१० सालीं कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाच्या व सापांच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथें केवळ कारखाना नव्हे, तर कामगारांचीं बिऱ्हाडें नांदूं लागलीं. सौ. राधाबाईंची संसारांत साथ होतीच. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेंतून यंत्रविद्या शिकून आले. पुतणे शंकरराव चित्रकला शिकलेले, त्यांनीं १९२० सालीं मासिक काढलें, तेंच पुढें 'किर्लोस्कर' म्हणून घरोघरीं गेलें. लक्ष्मणराव १९५६ सालीं निवर्तले. जन्मशताब्दीस, १९६९ सालीं, सरकारनें त्यांच्या चित्राचें टपाल तिकीट काढलें.

ही हकीकत सांगतांना आम्हांस स्वतःची एक गोष्ट आठवून लाज वाटली. नोकरीच्या आरंभीं, शब्दरूपें घोकण्याच्या तासास, मागल्या बांकावरचा एक मुलगा बैल रेखाटीत बसला होता. आम्हीं तो कागद हिसकावला व वर्गासमक्ष फाडला. बैल चांगला साधला होता, हें आमच्या लक्षांत आलें तें फाडल्यावर. त्यानंतर तो मुलगा चित्र काढतांना आम्हांस कधींहि दिसला नाहीं. त्या दिवशीं शिस्त राखल्याचें समाधान वाटलें होतें; आतां तें वाटत नाहीं.

स्नेह्यांस आम्हीं इतकेंच सांगितलें: "नातवास दोन वह्या द्या, एक गणिताची व एक चित्रांची. पहिली त्याचे मास्तर तपासतील. दुसरी आपण आजोबांनीं पाहावी. आणि कुतूहलानें पाहावी, तपासूं नये."