टॅटिंग: गाठ मारण्याआधी दोरा पारखा

मावसबहिणीच्या बाळाच्या बारशासाठी मी पांढऱ्या झबल्याच्या गळ्याला टॅटिंगची लेस केली होती. पांढऱ्या किनारीत मध्ये मध्ये लाल फुलं. दोन आठवडे रोज रात्री बसून केलेलं काम. बारशाला सगळ्यांनी कौतुक केलं. पहिल्याच धुण्यात मात्र लाल रंग उतरला आणि सगळा गळा गुलाबी झाला. मावशीने फोनवर एवढंच विचारलं, "दोरा आधी भिजवून पाहिला होतास का गं?"

नव्हता पाहिला. रंग आवडला म्हणून घेतला होता, बस्स.

क्रोशाचं काम चुकलं तर टोक ओढायचं, भराभर उसवतं. टॅटिंगचं तसं नाही. शटल म्हणजे छोटासा धोटा. तो फिरवत आपण एका दोऱ्यावर दुसऱ्याच्या गाठी बसवत जातो आणि शेवटी आतला दोरा ओढून गोल बंद करतो. एकदा बंद झालेला गोल सोडवायचा तर सुईच्या टोकाने एकेक गाठ उकलावी लागते, नाहीतर कात्री. म्हणून दोरा नीट निवडला की निम्मं काम झालं.

कोणता दोरा घ्यावा?

आमच्या चेन्नईत क्रोशावाल्यांची कमी नाही. ३१ जानेवारी २०१६ रोजी 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने इथेच ११,१४८.५ चौरस मीटरचं ब्लँकेट मांडून गिनीज विक्रम केला. पण क्रोशाला चालणारा प्रत्येक दोरा टॅटिंगला चालत नाही. लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात आणि गोल बंद होत नाही. भरतकामाची सहा पदरी लडी असते, तिचे पदर सुटे होऊन शटलच्या टोकात अडकतात. जरीचा दोरा सारखा ओढला की त्याची वरची चमक सोलते.

सगळ्यात चांगला म्हणजे घट्ट पिळाचा, मर्सराइज्ड सुती दोरा. इंग्लंडच्या जॉन मर्सर यांनी १८४४ च्या सुमारास सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली. त्याने सूत मजबूत झालं आणि रंग चांगला धरू लागलं. पुढे होरेस लो यांनी प्रक्रियेच्या वेळी सूत ताणून धरलं, तेव्हा त्याला चकाकी आली. टॅटिंगमध्ये दोरा सतत ओढला जातो, त्यामुळे हा गुळगुळीतपणा आणि ताकद दोन्ही कामाला येतात.

नंबर कसा वाचायचा?

नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक. दुकानात इथेच गोंधळ होतो.

• १० नंबर: जाड. गाठी स्पष्ट दिसतात, हात बसवायला उत्तम.
• २० नंबर: तोरण, ताटावरचा रुमाल, ब्लाऊजच्या बाह्या.
• ४० नंबर: हातरुमालाची किनार, बाळाचे कपडे.
• ८० नंबर: फार नाजूक. कानातले किंवा अगदी बारीक किनार. हात सरावल्यावरच घ्या.

तोच नमुना २० ऐवजी ४० नंबरने केला तर लेस लहान होते. रुखवतासाठी सेट करत असाल तर सगळ्या वस्तूंना एकच नंबर ठेवा. गुंड्याही एकदमच, एकाच लॉटच्या घ्या. महिन्याभराने आणलेली 'तीच' गुंडी पुष्कळदा एक छटा वेगळी निघते.

रंगाचं काय?

टॅटिंगचं सौंदर्य गाठींत आणि पिकोंत, म्हणजे कडेच्या छोट्या फासांत असतं. पांढरा, मोतिया, फिकट गुलाबी अशा रंगांत ते उठून दिसतं. काळ्यात गाठी दिसत नाहीत आणि रात्रीच्या दिव्यात डोळे दुखतात. गडद कापडाला फिकी लेस शोभते. जांभळ्या खणावर मोतिया किनार लावून पाहा. छटा बदलत जाणारा दोरा गुंडीत सुंदर दिसतो, पण बारीक नमुन्यात नक्षीच हरवते. तो साध्या, लांब किनारीसाठी ठेवा. दोन रंग वापरायचे असतील तर जोडाच्या जागी दुसऱ्या रंगाचा ठिपका दिसतो, हे आधीच लक्षात घ्या.

आणखी एक, खास आमच्यासारख्या दमट हवेतल्यांसाठी: घामाच्या हाताने पांढरा दोरा मळतो. हात धुऊन बसा, बाजूला कोरडा रुमाल ठेवा.

दोन सोप्या चाचण्या

१. दोऱ्याचा तुकडा गरम साबणाच्या पाण्यात भिजवा, पांढऱ्या सुती कापडात ठेवून वरून इस्त्री फिरवा. डाग पडला तर तो दोरा पांढऱ्याजवळ नको.

२. एकच गुंडी आणून एक गोल करून पाहा. तो अडखळत बंद झाला किंवा दोऱ्यावर लव उठली, तर बाकीच्या गुंड्या घेऊ नका.

दोन्हींना मिळून अर्धा तास लागतो. माझे दोन आठवडे गेले होते.

ते गुलाबी झालेलं झबलं बहिणीने टाकलं नाही, कपाटात जपून ठेवलंय. मी पुन्हा लेस केली: ४० नंबर, पांढऱ्यावर पांढरी, आधी भिजवून पाहिलेली. बाळाने ती पहिल्या वाढदिवसाला घातली, त्यावर वरण सांडलं, आणि धुतल्यावर झबलं पुन्हा स्वच्छ पांढरं झालं.