पलंगापुरता विमा

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा आणि तिचे संरक्षण वर्षाला दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर नेण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला. पिवळ्या, केशरी, पांढऱ्या शिधापत्रिकेचा भेद त्याने मिटवला. ‘निदान ऑपरेशनसाठी बाईला मंगळसूत्र गहाण टाकावे लागणार नाही,’ असे आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतात. त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. २००८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबातील पाचच जणांना, तेही वर्षाला तीस हजारांपर्यंत, संरक्षण होते. यादीबाहेर राहणारे सहावे माणूस कोण, हे आपल्याला सांगायला नको: म्हातारी सासू, नाहीतर धाकटी मुलगी. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने ही मर्यादा काढली. ती सुधारणाच आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. किती कुटुंबे विम्याखाली आली हे मोजले जाते. बाईची कोणती दुखणी विम्याखाली आली, हे कोण मोजणार?

या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतात. बाईचे दुखणे मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. अंगावरून पांढरे जाणे, पाळीत जास्त रक्त जाणे, अशक्तपणा, कंबरदुखी. त्यासाठी हवी तपासणी, गोळ्या आणि तिचे नीट ऐकून घेणारी डॉक्टर. ते विम्यात बसत नाही. मग दुखणे अंगावर काढायचे, आणि शेवटी ‘पिशवी काढून टाका’ हा एकच सल्ला पदरात पडतो.

बीड जिल्ह्यातील पाहणीत ८२,३०९ ऊसतोड मजूर स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. हे २०१९ साली उजेडात आले. कित्येकींनी कर्ज काढून खासगी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया करून घेतली होती. पण विमा असता तर हे टळले असते, असे समजू नये. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानात सरकारी विमा योजनांतून अनावश्यक गर्भाशये काढल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. असे प्रकार रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारा, असा आदेश न्यायालयाने २०२३ साली राज्यांना दिला. शस्त्रक्रियेचा दर ठरलेला असतो. बाईला समजावून सांगण्याचा, थांबून औषध देऊन पाहण्याचा दर कुठेच लिहिलेला नसतो. दवाखान्याचा कल कुठे जाणार?

म्हणून विमा नको, असे मी म्हणत नाही. पण त्यावर समाधान मानून चळवळीने गप्प बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्री-डॉक्टर आणि औषधे नेमाने हवीत. योजनेतून काढलेल्या प्रत्येक गर्भाशयामागचे कारण आणि त्या बाईचे वय, नाव गुप्त ठेवून, जिल्हावार जाहीर व्हावे. पन्नाशीच्या आतली शस्त्रक्रिया असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत सक्तीचे करावे. प्रत्येक गटाने आपल्या तालुक्यात ही मागणी लेखी द्यावी आणि उत्तरही लेखीच मागावे.